समाधान झालं का?

पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासाला, नव्या सरांनी अख्ख्या सहावीची माफी मागितली.

कारण साधं होतं. खडू संपला, म्हणून ते ऑफिसात दुसरा आणायला गेले. यायला जरा वेळ लागला आणि दारातून आत शिरता शिरता त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "प्रतीक्षा केल्याबद्दल धन्यवाद. आपल्याला झालेल्या तसदीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." त्या मुलांना माफी मागायला पुष्कळांनी लावलं होतं. त्यांची माफी मात्र आजवर कुणी मागितली नव्हती. मधल्या सुट्टीपर्यंत नव्या सरांचं नाव 'तसदीसर' पडलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

त्यात त्यांचा दोष काढण्यात अर्थ नव्हता. अर्धं आयुष्य त्यांनी वॉशिंग मशीनच्या एका कंपनीत, तक्रार विभागात, कानाला फोन लावून काढलं होतं. खोलीला खिडकी नव्हती. लोक शिव्या घालायचे, हे दिलगिरी व्यक्त करायचे, तक्रारीला नंबर द्यायचे आणि तो नंबर पुढे ढकलायचे. पुढे म्हणजे नेमका कुठे, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मशीन चालू झालं हो, असं सांगायला कुणी परत फोन करत नाही. चाळिशी उलटल्यावर एका दुपारी, कुणाच्या तरी शिव्या ऐकता ऐकता, त्यांच्या मनात आलं की आपण एवढ्या तक्रारी घेतल्या, पण आपल्या हाताने मिटवली अशी एकही नाही. ते मनात आलं आणि मग काही केल्या जाईना. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन त्यांनी शिक्षकाची पदवी मिळवली. पुढे कंपनीने त्यांच्या जागी बोलणारं यंत्र आणून बसवलं. यंत्रही तितकंच दिलगीर होतं, शिवाय त्याला जेवणाची सुट्टी लागत नव्हती.

"समोरच्या माणसाला एक गोष्ट येत नाहीये आणि आपल्या डोळ्यांदेखत ती यायला लागली, एवढं एकदा बघायचंय," त्यांनी बायकोला सांगितलं.

बायको इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. दिवसभर कण्हणारी माणसं बघून तिचं बोलणं मोजकं झालं होतं. "बघा," ती म्हणाली. "पण नोकरी कायम होईपर्यंत नवे पडदे घ्यायचे नाहीत."

घरातले पडदे विटले होते. सरांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि मान हलवली.

शाळेची एक पद्धत होती. दुसरा धंदा सोडून उतारवयात मास्तरकी करायला आलेल्या माणसाला वर्षभर एक मार्गदर्शक द्यायचे. मार्गदर्शकाने आठवड्यातून एकदा त्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचं आणि तास संपल्यावर काय चुकलं ते सांगायचं. वर्षाअखेरीस वरून साहेब येणार, एक पाठ बघणार आणि नोकरी कायम करायची की नाही ते ठरवणार. गणिताचं दुसरं कुणी शाळेत नव्हतं, म्हणून सरांच्या वाट्याला भाषेच्या बाई आल्या. त्या याच वर्षी निवृत्त व्हायच्या होत्या. त्यांचा चेहरा कायम कुणाच्या तरी दुखवट्याला जाऊन आल्यासारखा असायचा आणि बोलणं त्याहून उदास.

"अहो सर, वर्गात माफी मागू नका," पहिल्या आठवड्यात त्या म्हणाल्या.

"चुकलं बाई. क्षमा करा."

"हीच ती." बाईंनी उसासा टाकला. "एकदा मागितलीत की रोज मागावी लागते. दुसरं म्हणजे, प्रश्न विचारलात की गप्प उभे राहा. तुम्ही प्रश्न विचारता आणि घाईघाईने उत्तरही देऊन टाकता."

"आमच्याकडे लाईनवर शांतता झाली की समोरचा फोन आपटायचा."

"इथे आपटायला फोन नाही. पोरं कुठे जातायत? थांबा. शांतता झाली की कुणाला तरी ती सहन होत नाही आणि मग खरं बाहेर येतं. तिसरं. तासाच्या शेवटी काय विचारता ते?"

"समाधान झालं का, असं. फोन ठेवण्याआधी विचारावंच लागायचं आम्हाला."

"ते विचारू नका."

"का हो?"

"कुणीतरी उत्तर देईल," बाई म्हणाल्या आणि छत्री उचलून चालू लागल्या.

पण जीभ ऐकेना. दुसऱ्याच आठवड्यात लसावि शिकवून झाल्यावर सरांनी विचारलं, "आपलं समाधान झालं का?" आणि पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिला वर्गात 'वकील' म्हणत, कारण ती प्रत्येक गोष्टीत नियम काय ते विचारायची.

"नाही झालं," वकील म्हणाली.

सरांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्यांनी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखली, आत 'तक्रार पहिली : लसावि' असं लिहिलं आणि म्हणाले, "आपली तक्रार नोंदवली आहे. लवकरात लवकर निवारण होईल."

"तोपर्यंत गृहपाठ करायचा का?"

सरांनी विचार केला. कंपनीचा नियम त्यांना तोंडपाठ होता : तक्रार मिटेपर्यंत गिऱ्हाइकामागे कसलाही तगादा लावायचा नाही. "नाही," ते म्हणाले. "तक्रार मिटेपर्यंत गृहपाठ नाही."

आपण काय बोलून बसलो हे त्यांच्या लक्षात आलं नाही. वर्गाच्या मात्र तत्काळ आलं. घंटा होईपर्यंत अर्ध्या वर्गाचं लसाविबद्दल असमाधान झालं होतं. दुसऱ्या दिवशी उरलेल्या अर्ध्याचं झालं. लसावि संपल्यावर मसावि आला. मग खिडकीतून ऊन येण्याची तक्रार आली, शेजारचा कोपर मारतो ही आली, आणि जाड चष्म्याच्या एका मुलाने गणित हा विषयच का आहे, अशी लेखी तक्रार दिली. सर मधल्या सुट्टीत डबा बाजूला सारून एकेकाला समोर बसवत, पुन्हा पुन्हा शिकवत. ऊन येतं म्हणून बाक हलवले, बाक हलवले म्हणून फळा दिसेना, फळा दिसत नाही म्हणून नव्या तक्रारी आल्या. चौकट वाढत वाढत फळ्याच्या मध्यावर आली आणि सर उरलेल्या पट्टीत बारीक अक्षरात गणितं सोडवू लागले.

मग साथ पसरली. भूगोलाचे सर एका दुपारी स्टाफरूममध्ये आले आणि उभ्याउभ्याच सुरू झाले.

"मी नद्या शिकवतोय. एक जण उठतो, म्हणतो माझं समाधान झालं नाही. म्हटलं, बस खाली. तर मला विचारतो, माझा नंबर कितवा? वीस वर्षांत माझ्याकडे कुणी नंबर मागितला नव्हता."

"आपल्याला झालेल्या तसदी..." सरांनी सुरुवात केली.

"सर," कोपऱ्यातून बाई म्हणाल्या.

पालकसभेत आणखी वाईट झालं. जाड चष्म्याच्या मुलाचे वडील सरांशी दोन वाक्यं बोलले आणि एकदम थांबले. त्यांनी डोळे मिटले. "पुन्हा बोला बघू," ते म्हणाले.

"आपला मुलगा हुशार आहे. फक्त थोडी प्रतीक्षा..."

"तुम्हीच ते," वडील म्हणाले. "आमच्या मशीनचं पाणी बाहेर येतं, ते. रोज रात्री तुमचा आवाज ऐकायचो मी. बायको म्हणायची, जेवायला बोलवा एकदा त्यांना."

"मशीन झालं का मग?" सरांनी आशेने विचारलं.

"नाही. बंदच आहे. वर रोपं ठेवली आहेत." त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं. वडिलांनी शेजारी बसलेल्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "याचंही तसंच होणार का?"

त्या रात्री सर जेवले नाहीत. बायकोने ताट झाकून ठेवलं. "मला एवढ्या वर्षांत कधी विचारलंत का हो, समाधान झालं का म्हणून?" ती सहज म्हणाली. सरांनी विटलेल्या पडद्यांकडे बघितलं आणि विचारायचं धाडस केलं नाही.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी बोलावलं. "हा वर्ग आहे की ग्राहक मंच?" त्यांनी विचारलं. "साहेब पुढच्या महिन्यात येणार आहेत. त्यांच्यासमोर एक जरी पोरगं असमाधानी निघालं तर मी काही करू शकणार नाही. तुमच्या वयाला आता तिसरी नोकरीही मिळणार नाही." हेडसर तसे मनाने चांगले होते, म्हणूनच खरं बोलले.

सर स्टाफरूममध्ये येऊन बसले. खिडकीजवळची एकुलती एक खुर्ची बाईंची होती. त्या उठल्या आणि ती त्यांना दिली. आयुष्यभर बिनखिडकीच्या खोलीत बसलेल्या माणसाला त्यापेक्षा जास्त काही देता येण्यासारखं त्यांच्याकडे नव्हतं. मग रोज शाळा सुटल्यावर त्या रिकाम्या वर्गात त्यांचा पाठ ऐकू लागल्या. विषय होता अपूर्णांकांचा भागाकार. सर रिकाम्या बाकांना शिकवायचे, बाई शेवटच्या बाकावर बसून सांगायच्या : हळू बोला, फळ्याशी बोलू नका, आवाज शेवटी पाडू नका, माफी मागू नका.

"आणि बाई, ते शेवटचं वाक्य? मला ते टाळता येत नाही हो."

"विचारा मग," बाई म्हणाल्या. "त्याचं मी बघते."

त्यांनी काय बघितलं हे सरांना कळलं नाही. सर दात दाखवायला गेले होते त्या दिवशी बाई सहावीत गेल्या आणि दार लावून घेतलं. "साहेब येतील तेव्हा कुणाचीही तक्रार असणार नाही," त्या म्हणाल्या. "काही समजो न समजो. नाही तर तसदीसर जातील."

वकील उभी राहिली. "म्हणजे खोटं बोलायचं?"

"हो," बाई म्हणाल्या. "एक दिवस."

मुलांनी आपापसांत बघितलं. त्यांचा सरांवर जीव जडला होता, हे त्यांनाही तेव्हाच कळलं असावं. वकिलाने हात पुढे केला, त्यावर जाड चष्मेवाल्याने ठेवला, आणि तिथेच शपथ झाली.

साहेब आले ते ऐन दुपारी. त्यांना पडसं झालं होतं. बाजूच्या खुर्चीवर बसून ते रुमालात शिंकत होते. शेवटच्या बाकावर बाई छत्री मांडीवर घेऊन बसल्या होत्या. फळा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्वच्छ पुसलेला होता. सरांनी अर्ध्याला पावाने भागलं. दुसरा अपूर्णांक उलटा केला, गुणाकार केला, उत्तर दोन आलं. आवाज पडला नाही. माफी मागितली गेली नाही. साहेबांनी दोनदा मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

"आपलं समाधान झालं का?" सरांनी विचारलं.

"हो सर," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

सरांना एक जुना दिवस आठवला. कंपनीत एकदा असंच झालं होतं. सकाळपासून एकही फोन नाही. वरच्या साहेबांनी खाली येऊन पेढे वाटण्याची भाषा केली, सगळ्यांची मशीनं सुधारली म्हणून पाठ थोपटली. संध्याकाळी कळलं की रस्ता खणताना कुणीतरी तार तोडली होती. लोक तिकडे दिवसभर बोंबलतच होते.

"कुणाचंच काही नाही?" सरांनी विचारलं. जाड चष्म्याच्या मुलाकडे बघितलं. त्याला साध्या भागाकारातही धाप लागायची. "तुझं?"

"सगळं समजलं सर," तो म्हणाला आणि खाली बघितलं.

"फार छान," साहेब म्हणाले आणि पेनाचं टोपण लावायला घेतलं. नोकरी कायम झाली होती. घंटा व्हायला थोडाच अवकाश होता; नुसतं गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. सर गप्पच राहिले, पण बाईंनी शिकवलं होतं तसे. प्रश्न विचारून, वर्गाकडे बघत, थांबून. शांतता पसरली. पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली. वकिलाने ओठ दाताखाली धरले.

शेवटच्या बाकावरून एक हात वर झाला. त्या हातात छत्री होती.

"सर," बाई म्हणाल्या, "मला नाही समजलं."

साहेबांची शिंक अर्ध्यात राहिली.

"भागलं की कमी व्हायला पाहिजे ना?" बाई उभ्या राहिल्या. "अर्ध्याला भागलं आणि दोन झाले. वाढलं कसं? मी शाळेत असल्यापासून हे मला कळलेलं नाही. तेव्हा गुरुजींनी विचारलं होतं, समजलं का. मी हो म्हटलं होतं. रोज तुमचा पाठ ऐकते आणि रोज रात्री घरी जाऊन कागदावर करून बघते. येत नाही."

सर साहेबांना विसरले. खरंच विसरले. त्यांनी खडू मोडून अर्धा केला आणि बाकांमधून वाट काढत शेवटच्या बाकापाशी गेले.

"हा अर्धा खडू. यात पाव पाव खडूचे तुकडे किती निघतील?"

बाईंनी तो हातात घेतला, मोडला. "दोन."

"तेच दोन."

"पण हे दोन खडू नाहीत. दोन तुकडे आहेत."

"खडू नाहीतच बाई. किती वेळा बसतो, तेवढंच विचारलंय."

"मग उलटं का करायचं?"

"एका अख्ख्या खडूत पावाचे तुकडे किती?"

"चार."

"मग अर्ध्यात त्याच्या निम्मे. चाराने गुणलं ते म्हणून."

बाई हातातल्या तुकड्यांकडे बघत राहिल्या. "पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. सरांनी पुन्हा सांगितलं. आणखी एकदा सांगितलं. बाई एक इंचही सूट देत नव्हत्या. तेवढ्यात जाड चष्म्याच्या मुलाचा बांध फुटला. "सर, मला पण नाही समजलं," तो म्हणाला. "मला पण." "सर, माझं लसाविपासूनच राहिलंय." हातच हात वर झाले. वकील तेवढी शपथेला धरून बसली होती. मग तिनेही हळूच एक बोट वर केलं. सगळ्यांना खडू मोडून दाखवण्यात घंटा कधी झाली ते कळलं नाही, आणि साहेब कधी गेले तेही नाही.

निकाल संध्याकाळी हेडसरांनी वाचून दाखवला. वर्गाचं समाधान झालेलं नाही. शिक्षकाच्या मार्गदर्शकाचंही झालेलं नाही. नोकरी कायम करू नये; आणखी एक वर्ष बघावं.

स्टाफरूममध्ये दोघंच उरले. बाई भिंतीकडे बघत होत्या. "मी तुमचं वाटोळं केलं," त्या म्हणाल्या. "पोरांना मीच शपथ घातली होती. मग तुम्ही थांबलात. तुम्ही इतका वेळ थांबलात की मला बसवेना. माफ करा मला."

"माफी मागू नका बाई. एकदा मागितली की रोज मागावी लागते."

बाई हसल्या नाहीत. सरांनाही हसू आलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर पडदे होते. मग सरांनी हळूच विचारलं, "पण समजलं का तुम्हाला?"

"विचारून बघा."

"पाऊण भागिले अर्धा."

बाईंनी कागद घेतला नाही. त्या खिडकीबाहेर बघत ओठांशी पुटपुटल्या. सर थांबले. मनातून त्यांना इतकी भीती कधी वाटली नव्हती.

"दीड," बाई म्हणाल्या. "एकदा पूर्ण बसतो, आणि वर त्याचा निम्मा." मग जरा थांबून, स्वतःशीच म्हणाल्या, "अगंबाई, बरोबर आहे की."

सर उठून तोंड धुवायला गेले. ते बराच वेळ आले नाहीत.

"पडदे पुढच्या वर्षी," घरी आल्यावर ते बायकोला म्हणाले.

तिने त्यांच्याकडे नीट बघितलं. "मग मशीन चालू झाल्यासारखा चेहरा का आहे?"

"एक चालू झालं," सर म्हणाले.

नव्या वर्षी बाई निवृत्त झाल्या होत्या. सरांना मार्गदर्शक म्हणून भूगोलाचे सर मिळाले. ते पहिल्याच दिवशी बजावून गेले की शेवटचं ते वाक्य जर पुन्हा कानावर आलं तर माझ्याशी गाठ आहे. सर मान खाली घालून वर्गात शिरले. पोरं तीच होती, आता सातवीत. फळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी आधीच चौकट आखून ठेवली होती आणि ती निम्मी भरलेलीही होती. शेवटच्या बाकावर, मांडीवर छत्री घेऊन, बाई बसल्या होत्या.

"बाई, तुम्ही? मार्गदर्शन तर आता..."

"मार्गदर्शनाला नाही आले," बाई उदासपणे म्हणाल्या. "दशांश अपूर्णांक राहिलेत माझे."

पहिल्या बाकावरून वकील मागे वळली. "रांगेत या बाई," ती म्हणाली. "तुमच्या आधी आम्ही आहोत."

बाईंनी मान डोलावली आणि छत्री बाकाखाली ठेवली.